बड्या नेमणुका आणि संसदेची एक खुर्ची

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून दोनदा राज्यव्यवस्था शिकवते. मुलं बहुतेक एमपीएससीची, थोडी यूपीएससीची. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे मॉक मुलाखती चालल्या होत्या. टेबलाच्या एका बाजूला आम्ही तिघं, समोर बीडचा एक मुलगा, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मुलाखत संपली, तो उठला आणि दारापाशी जाऊन परत वळला. "मॅडम, एक विचारू का? उद्या आयोगाचे सदस्य आमची अशीच मुलाखत घेणार. त्या सदस्यांची मुलाखत कोण घेतं?"

कोणीच घेत नाही, असं मी त्याला सांगितलं आणि अनुच्छेद ३१६ वाचायला सांगितला. केंद्रीय लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य राष्ट्रपती नेमतात, राज्य आयोगाचे राज्यपाल नेमतात. राष्ट्रपती आणि राज्यपाल हे काम मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात, म्हणजे नाव सरकारच ठरवतं. शक्यतो निम्मे सदस्य किमान दहा वर्षं सरकारी सेवेत काढलेले असावेत, एवढं घटनेत लिहिलंय. ते नाव लोकसभेपुढे जात नाही, विधानसभेपुढेही जात नाही.

मुलगा गेला, पण प्रश्न माझ्याजवळ राहिला. कारण तो एका आयोगापुरता नाही. निवडणूक आयुक्त, सीबीआयचे संचालक, दक्षता आयुक्त, माहिती आयुक्त, सरकारी हिशेब तपासणारे कॅग ही सगळी माणसं सरकारवर नजर ठेवायला नेमलेली असतात आणि त्यांना नेमतं सरकारच. मग आपण निवडून दिलेल्या संसदेच्या हातात यात काय असतं? हे मला जसं समजलं तसं सांगते.

१९४९ च्या जूनमधली दोन दिवसांची चर्चा

हा प्रश्न घटनाकारांना सुचला नव्हता असं नाही. १५ आणि १६ जून १९४९ ला संविधान सभेत निवडणूक आयोगाच्या कलमावर चर्चा झाली. तेव्हा ते मसुद्यातलं कलम २८९ होतं, आजचा अनुच्छेद ३२४. संयुक्त प्रांतातले सदस्य शिब्बनलाल सक्सेना यांनी एक दुरुस्ती सुचवली : मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश बहुमताने मान्यता मिळाली पाहिजे. त्यांचं म्हणणं साधं होतं. आज पंतप्रधान चांगले आहेत, पण उद्या पक्षाच्या सोयीचा माणूस नेमणारं कोणी आलं तर?

डॉ. आंबेडकरांनी या भीतीला हसण्यावारी नेलं नाही. अपात्र, लबाड किंवा सरकारच्या मुठीत राहणारा माणूस या पदावर बसू नये यासाठी मसुद्यात काहीच तरतूद नाही, हे त्यांनी सरळ कबूल केलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या अशा नेमणुकांना सिनेटची संमती लागते, हेही त्यांनी सभागृहापुढे मांडलं. आणि मग ती पद्धत आपल्याकडे का नको याची दोन कारणं दिली. एक, ती फार वेळखाऊ आहे. नेमणूक तातडीने करायची असेल आणि संसदेचं अधिवेशनच चालू नसेल तर काय करायचं? दुसरं, सिनेटच्या संमतीमुळे नेमणुकीत राजकारण शिरतं. त्याऐवजी राष्ट्रपतींसाठी एक आदेशपत्र असावं, त्यात नेमणुका कशा कराव्यात याची दिशा द्यावी, असा त्यांचा कल होता. ती कल्पना पुढे अंतिम राज्यघटनेत राहिली नाही. राहिले ते एवढेच शब्द : संसदेने याबाबत कायदा केला तर त्याच्या अधीन राहून राष्ट्रपती नेमणूक करतील.

तो कायदा व्हायला ७४ वर्षं लागली. मधल्या काळात सरकारने नाव पाठवायचं आणि राष्ट्रपतींनी सही करायची, असंच चालत आलं.

संसदेतर्फे एक माणूस

इतर पदांच्या बाबतीत मात्र संसदेने गेल्या तीसेक वर्षांत एक मधला मार्ग काढला. सगळ्या सभागृहाने नाव तपासायचं नाही, उमेदवाराला समोर बसवून प्रश्नही विचारायचे नाहीत. मोजक्या जणांच्या एका निवड समितीत लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्याला खुर्ची द्यायची. संसदेची छाननी म्हणजे व्यवहारात ती खुर्ची.

केंद्रीय दक्षता आयुक्तासाठी २००३ च्या कायद्याप्रमाणे पंतप्रधान, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेता बसतात. माहिती आयुक्तांसाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि पंतप्रधानांनी निवडलेला एक कॅबिनेट मंत्री. सीबीआय संचालकासाठी पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेत्याबरोबर सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. मानवी हक्क आयोगाची समिती यात सगळ्यांत मोठी : पंतप्रधान, लोकसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री, राज्यसभेचे उपसभापती आणि दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते.

कॅगसाठी अशी समिती नाही. देशाचा हिशेब तपासणारा माणूस कोण असावा हे ज्याचा हिशेब तपासायचा तेच सरकार ठरवतं, आणि मला हा आपल्या व्यवस्थेतला सगळ्यांत मोठा खड्डा वाटतो. कॅगचे अहवाल संसदेत येतात, लोकलेखा समिती ते वाचते, त्या समितीचं अध्यक्षपद प्रथेने विरोधी पक्षाकडे असतं. पण त्याच कॅगची निवड होताना या समितीला कोणी विचारत नाही. मंत्रालयांचे सचिव मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती ठरवते. त्या समितीत पंतप्रधान आणि गृहमंत्री असतात. तिथेही संसद नाही, आणि ते मला मान्य आहे. सचिव हा सरकारचा स्वतःचा माणूस असतो, सरकारने तो निवडावा. ज्याने सरकारला नाही म्हणायचं आहे त्याची गोष्ट वेगळी.

फाईलमध्ये नसलेल्या सहा नोंदी

खुर्ची दिली म्हणजे छाननी झाली का, हे समजून घ्यायला पी. जे. थॉमस यांचं प्रकरण नीट बघावं. मी वर्गात यावर एक पूर्ण तास घालवते.

सप्टेंबर २०१०. नवा केंद्रीय दक्षता आयुक्त निवडायचा होता. दक्षता आयुक्त म्हणजे सरकारी नोकरांमधल्या भ्रष्टाचारावर देखरेख करणारा सर्वांत वरचा अधिकारी. समितीत पंतप्रधान मनमोहन सिंग, गृहमंत्री पी. चिदंबरम आणि विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज. टेबलावर तीन नावं. थॉमस हे त्यातलं एक, केरळ केडरचे आयएएस, त्या वेळी दूरसंचार खात्याचे सचिव.

केरळात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पामोलिन तेलाच्या आयातीवरून मोठा वाद झाला होता. तेव्हा थॉमस तिथल्या अन्न खात्याचे सचिव होते आणि पुढे त्या प्रकरणाच्या आरोपपत्रात त्यांचंही नाव आलं. सुषमा स्वराज यांनी बैठकीत हाच मुद्दा काढला. उरलेल्या दोघांपैकी कोणालाही नेमा, मी सही करते, अशी त्यांची भूमिका होती. दोन विरुद्ध एक असा निर्णय झाला. त्यांनी असहमती लेखी नोंदवली आणि थॉमस यांचा शपथविधी झाला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने फाईल मागवली. तेव्हा दिसलं की केंद्राच्याच कार्मिक खात्यात २००० ते २००४ या काळातल्या सहा नोंदी होत्या, थॉमस यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करावी असं सुचवणाऱ्या. या सहा नोंदी निवड समितीपुढे ठेवल्याच गेल्या नव्हत्या. समितीपुढे आला होता तो नीटनेटका बायोडेटा आणि आधी कधीतरी मिळालेली दक्षता मंजुरी.

सरकारी कचेरीत ज्यांनी कधी फाईल हाताळली असेल त्यांना याचं वजन लगेच कळेल. टिपण लिहिणारा कारकून किंवा कक्ष अधिकारी कोणता कागद वर लावतो आणि कोणता खाली दाबतो, यावर वरच्या सहीचं भवितव्य ठरतं. सुषमा स्वराज यांना पामोलिन प्रकरण ठाऊक होतं ते स्वतःच्या माहितीतून. फाईलने त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या जागी कमी जाणकार विरोधी पक्षनेता असता तर बैठक दहा मिनिटांत एकमताने संपली असती.

३ मार्च २०११ ला सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या खंडपीठाने नेमणूक रद्द केली. निकालात दोन गोष्टी आहेत, दोन्ही महत्त्वाच्या. पहिली, थॉमस दोषी आहेत की नाहीत हा न्यायालयापुढचा प्रश्न नव्हता. त्या माणसामुळे संस्थेची विश्वासार्हता टिकेल का, हे बघणं समितीचं काम होतं आणि त्यासाठीचे कागद समितीने पाहिले नाहीत, म्हणून शिफारसच बेकायदा ठरली. दुसरी, विरोधी पक्षनेत्याला नकाराधिकार नाही, पण जो सदस्य असहमत असेल त्याने कारणं लिहावीत आणि बहुमताने त्याचं म्हणणं डावललं तर बहुमतवाल्यांनीही का डावललं त्याची कारणं लिहावीत.

मला यातली दुसरी ओळ फार मोलाची वाटते. नुसतं "असहमत" लिहून सही केली तर मत हरतं आणि विषय संपतो. कारणं लिहिली की तो कागद मागे राहतो. उद्या न्यायालय तो मागवू शकतं, परवा माहिती अधिकारात कोणी मागू शकतं.

किती वाजता किती नावं

कागदांइतकाच वेळ महत्त्वाचा. २४ मे २०२१ ला सीबीआय संचालक निवडायला समिती बसली. लोकसभेतल्या सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे नेते अधीर रंजन चौधरी यांनी नंतर जाहीर सांगितलं : ११ मे ला मला १०९ नावं दिली, बैठकीच्या दिवशी दुपारी एकपर्यंत त्यांची १० झाली आणि चारपर्यंत ६. बाकीची का वगळली, सहा का ठेवली, हे ठरवणारा माणूस समितीतला नव्हता, कार्मिक खातं होतं. याच बैठकीत सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी निवृत्तीला सहा महिन्यांपेक्षा कमी काळ उरलेल्या अधिकाऱ्याला पोलीस प्रमुखपदी नेमू नये हा न्यायालयाचाच जुना दंडक दाखवला आणि चर्चेतली दोन मोठी नावं बाद झाली, असं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. निवड झाली सुबोधकुमार जयस्वाल यांची. मुंबईचे पोलीस आयुक्त आणि महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक म्हणून ते आपल्याला माहीत होते.

त्या बैठकीतून मी एक गोष्ट शिकले. पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता यांच्या जोडीला तिसरा माणूस सरकारबाहेरचा असेल, तर एखादा नियम वाचून दाखवल्यानेही निर्णय बदलू शकतो. तिसरा माणूस मंत्री असेल तर गणित बैठकीआधीच सुटलेलं असतं.

निवडणूक आयोगाचं पुढे हेच झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अरुण गोयल यांनी एका दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी ते निवडणूक आयुक्त झाले. फाईल एवढ्या वेगाने कशी फिरली हे सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीत विचारलं. २ मार्च २०२३ ला न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला : संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने आयुक्त नेमावेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. त्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी निवडलेला कॅबिनेट मंत्री आला. शिवाय एक शोध समिती, कायदामंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली, पाच नावांची यादी करायला. लोकसभेत हे विधेयक मंजूर झालं तेव्हा त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झालेले होते. नेमणुकीवर संसदेची नजर कशी असावी हे ठरवणारा कायदा, आणि चर्चेला बरीचशी विरोधी बाकं रिकामी. याचं मला आजही वाईट वाटतं. कायदा चांगला की वाईट हे नंतरचं. त्यावर नीट वाद तरी व्हायला हवा होता.

नव्या कायद्याखाली पहिली बैठक १४ मार्च २०२४ ला झाली. लोकसभा निवडणुकीची घोषणा दोन दिवसांवर आली होती आणि आयुक्तांच्या दोन जागा रिकाम्या होत्या. चौधरी यांनी बाहेर येऊन सांगितलं की आदल्या रात्री त्यांना २१२ नावं मिळाली आणि निवडलेली सहा नावं बैठकीच्या काही मिनिटं आधी. एका रात्रीत २१२ अधिकाऱ्यांची कारकीर्द कोण वाचणार? एका नावाला दोन मिनिटं दिली तरी सात तास जातात. ज्ञानेश कुमार आणि सुखबीरसिंग संधू यांची निवड झाली, चौधरी यांनी असहमती नोंदवली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ज्ञानेश कुमार मुख्य आयुक्त झाले तेव्हा राहुल गांधी यांनीही असहमतीची टिपणी दिली. न्यायालयात कायद्याला आव्हान आहे म्हणून बैठक पुढे ढकला, हा त्यातला मुख्य मुद्दा होता.

यात त्या आयुक्तांच्या पात्रतेबद्दल मी काही म्हणत नाही. ज्याला निवडलं त्याच्याही हिताचं हेच की निवड नीट झाली असं लोकांना वाटावं. नाहीतर पुढची सहा वर्षं त्याच्या प्रत्येक आदेशावर संशयाची सावली राहते.

खुर्ची रिकामी असते तेव्हा

विरोधी पक्षनेता हे पद आपोआप मिळत नाही. एकूण जागांच्या एक दशांश जागा एका पक्षाकडे हव्यात, असा संकेत आहे. लोकसभेत म्हणजे ५५. काँग्रेसला २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा मिळाल्या, त्यामुळे २०१४ ते २०२४ ही दहा वर्षं लोकसभेला विरोधी पक्षनेताच नव्हता. बऱ्याच कायद्यांत अशा वेळी सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता बसेल अशी सोय आहे. लोकपाल कायद्यात ती नव्हती. कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला आणि पहिले लोकपाल, न्या. पिनाकी चंद्र घोष, नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. मधल्या काळात मल्लिकार्जुन खर्गे यांना बैठकीला "विशेष निमंत्रित" म्हणून बोलावलं जायचं आणि मत देण्याचा अधिकार नसताना नुसतं हजर राहणार नाही म्हणून ते जायचे नाहीत. अण्णा हजारेंच्या उपोषणाने जो कायदा आणला, तो असा एका व्याख्येपायी पाच वर्षं अडून राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं होतं की विरोधी पक्षनेत्याशिवायही नेमणूक होऊ शकते.

आपल्या दारातही हेच आलं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी दशांश म्हणजे २९ जागा कोणत्याच विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. शिवसेना उद्धव बाळासाहेब ठाकरे हा त्यांतला सर्वांत मोठा, २० जागांचा. राज्य माहिती आयुक्तांच्या निवड समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता असतो. सुदैवाने माहिती अधिकार कायद्यात स्पष्टीकरण जोडलेलं आहे : मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता त्या जागी धरावा. कायदा लिहिणाऱ्याने एक वाक्य जास्त लिहिलं म्हणून खुर्ची वाचली.

समोर बसवून विचारणं

ब्रिटनमध्ये गॉर्डन ब्राऊन यांच्या सरकारने २००७ मध्ये सुचवलं आणि २००८ पासून सुरू झालं : मोठ्या सार्वजनिक पदांवर नेमणूक होण्याआधी उमेदवाराने संसदेच्या संबंधित समितीपुढे यावं, खासदारांनी त्याला उघड प्रश्न विचारावेत, समितीने आपला अहवाल छापावा. हा अहवाल मंत्र्यावर बंधनकारक नसतो. २०१६ मध्ये शाळांच्या तपासणी खात्याच्या प्रमुखपदासाठी अमांडा स्पीलमन यांचं नाव शिक्षण समितीने नाकारलं, तरी मंत्र्यांनी त्यांनाच नेमलं. म्हणजे ती नुसती करमणूक का? मलाही आधी तसंच वाटायचं. मग मी शार्लट हॉग यांचं प्रकरण वाचलं.

२०१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या डेप्युटी गव्हर्नरपदी त्यांची नेमणूक जाहीर झाली होती. अर्थविषयक समितीपुढे त्या आल्या. त्यांचा भाऊ बार्कलेज बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि ही गोष्ट त्यांनी बँक ऑफ इंग्लंडला कळवलेली नव्हती. हितसंबंध उघड करण्याबाबतच्या ज्या आचारसंहितेचं हे उल्लंघन होतं, तिच्या तयारीत त्यांचा स्वतःचा हात होता. १४ मार्च २०१७ ला समितीने अहवालात लिहिलं की या पदाला लागणाऱ्या दर्जाला त्या उतरत नाहीत, आणि त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. समितीला नकाराचा अधिकार नव्हता. प्रश्न जाहीर होते, उत्तरं नोंदवलेली होती, तेवढ्याने काम झालं.

ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय अंदाजांवर स्वतंत्र नजर ठेवणाऱ्या कार्यालयाच्या प्रमुखाला मात्र २०११ च्या कायद्याने समितीची संमती लागतेच. आणि तिथल्या कॅगची नेमणूक कॉमन्स सभागृहाच्या ठरावावर होते. तो ठराव पंतप्रधान मांडतात, पण लोकलेखा समितीच्या अध्यक्षाच्या सहमतीनेच. आपली कॅगची संस्था ब्रिटिशांच्याच धर्तीवर उभी आहे, ही सोय मात्र आपण घेतली नाही.

अमेरिकेत हजाराहून अधिक पदांना सिनेटची संमती लागते. तिथे महिनोन्‌महिने पदं रिकामी राहतात आणि सुनावण्यांना आखाड्याचं रूप येतं. आंबेडकरांनी १९४९ मध्ये जे दुसरं कारण दिलं होतं ते तिथे रोज खरं ठरतं. त्यांचं पहिलं कारण मात्र आता तितकं उरलेलं नाही. १९९३ पासून आपल्याकडे विभागवार स्थायी समित्या आहेत, आज त्या २४ आहेत, प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ खासदार. अधिवेशन नसतानाही त्या बसतात आणि खासदार तिथे पक्षाची पाटी थोडी बाजूला ठेवून बोलतात. नाव ठरल्यावर, पदभार घेण्याआधी, कॅगच्या किंवा निवडणूक आयुक्तांच्या उमेदवाराला अशा समितीपुढे दोन तास बसवलं तर देश थांबणार नाही. आणि तोवर, आहे त्याच व्यवस्थेत, विरोधी पक्षनेत्याला सगळी नावं आणि त्यांचे सगळे सेवाविषयक कागद आठवडाभर आधी द्यावेत, असहमतीची टिपणी आणि तिच्यावरचं उत्तर नेमणुकीबरोबरच जाहीर करावं. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

भरतीचे नियम आणि पटलावरचे कागद

बड्या पदांचं झालं. पण माझ्या समोर बसणाऱ्या मुलांचा जीव अडकलेला असतो तो भरतीत, आणि तिथे संसदेचा हात वेगळ्या रीतीने चालतो. इथे व्यक्तीची निवड संसद बघत नाही, बघू नयेच. ती नियम बघते.

नवी अखिल भारतीय सेवा काढायची तर अनुच्छेद ३१२ प्रमाणे राज्यसभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांनी ठराव करावा लागतो. अखिल भारतीय सेवांचे नियम १९५१ च्या कायद्याखाली होतात आणि ते संसदेपुढे ठेवावे लागतात. सेवाप्रवेश नियम बरोबर केलेत का, कायद्याबाहेर काही घुसवलंय का, हे दोन्ही सभागृहांच्या दुय्यम विधान समित्या तपासतात. एखादं पद लोकसेवा आयोगाला न विचारता भरायचं असेल तर तसे विनियम सरकारला दोन्ही सभागृहांपुढे किमान चौदा दिवस ठेवावे लागतात आणि सभागृहं ते बदलू किंवा रद्द करू शकतात. हा अनुच्छेद ३२० चा पाचवा खंड, आणि परीक्षेत यावर प्रश्न येतो म्हणूनच मुलं तो वाचतात. खरं तर ही आयोगाला डावलून होणाऱ्या भरतीवरची लगाम आहे.

ही लगाम कोणी ओढली नाही तर नुसती लोंबकळत राहते, हेही खरं. १७ ऑगस्ट २०२४ ला यूपीएससीने लॅटरल एंट्रीची, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांना थेट वरच्या पदांवर घेण्याची, ४५ पदांची जाहिरात काढली : दहा सहसचिव, बाकी संचालक आणि उपसचिव, आणि आरक्षण नाही. तीन दिवसांनी केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी आयोगाच्या अध्यक्षांना पत्र लिहून ती मागे घ्यायला सांगितलं. संसदेचं अधिवेशन ९ ऑगस्टला संपलेलं होतं, त्यामुळे हा सगळा दबाव सभागृहाबाहेरून आला, विरोधकांकडून आणि सरकारच्या मित्रपक्षांकडूनही. पण २०१८ पासून अशा ६३ नेमणुका झाल्या, हा आकडा देशाला कळला तो संसदेतल्या एका प्रश्नाच्या लेखी उत्तरातून.

महाराष्ट्रात हे मी जवळून पाहिलंय. २०२१ च्या पावसाळ्यात एमपीएससीत सदस्यांच्या जागा रिकाम्या होत्या आणि पुरेसे सदस्य नसल्याने मुलाखती खोळंबल्या होत्या. पूर्व झाली, मुख्य झाली, आणि पोरं वर्ष-वर्ष मुलाखतीच्या तारखेची वाट बघत खोल्यांची भाडी भरत होती. राज्यभर संताप उसळल्यावर जुलैमधल्या दोन दिवसांच्या अधिवेशनात विषय आला आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ३१ जुलैपर्यंत सदस्यांच्या जागा भरू असं विधानसभेत सांगितलं. त्या वेळी आमच्या अभ्यासिकेत मोबाईलवर अधिवेशन लावलं होतं, एरवी तिथे टाचणी पडली तरी आवाज येतो. "३१ जुलै" ऐकल्यावर एका मुलीने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने गोल केला. सभागृहात मंत्र्याने तारीख दिली की ती इतिवृत्तात जाते, पुढच्या अधिवेशनात आमदार ती वाचून दाखवू शकतात. आंदोलनाच्या मांडवात येऊन दिलेल्या तारखेला ते बळ नसतं.

शेवटचं एक कलम सांगते, कारण बीडच्या त्या मुलाला मी पुढच्या आठवड्यात तेच दिलं. अनुच्छेद ३२३. यूपीएससीने दरवर्षी राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा आणि तो संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायचा. सरकारने आयोगाचा सल्ला जिथे मानला नाही, तिथे का मानला नाही याचं निवेदन त्याला जोडावं लागतं. राज्य आयोगाच्या अहवालालाही हेच लागू, फक्त तो राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो.

मुलाने यूपीएससीचा अहवाल संकेतस्थळावरून उतरवून घेतला, सल्ला न मानल्याची प्रकरणं असलेल्या पानाची झेरॉक्स काढली आणि पेन्सिलने खुणा करून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाला, "मॅडम, एमपीएससीचा शेवटचा अहवाल विधानसभेत कोणत्या तारखेला ठेवला?"

मला तारीख माहीत नव्हती. आम्ही दोघांनी मिळून विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, आणि संध्याकाळी मुलगा तो पोस्टात टाकून आला.